दोरीची कडी

विकायला गेले होते जुन्या कूलरचा पत्रा. जुन्या लोहामंडीजवळच्या एका कबाड्याकडे पत्र्याचे पैसे मोजून घेत होते, तेवढ्यात मागच्या ढिगात, एका मोडक्या शटरखाली, बिडाचा रोलर दिसला. रोलरच्या पुढे पीळ दिलेली पाती. मी शटर उचलायला लागले तसा तिथला पोरगा धावत आला, "मैडम, हाथ कट जाएगा." तेव्हा नाही कापला. नंतर कापला, ते पुढे येईलच.

हिरवळ कापायचं हातयंत्र होतं ते. इंजिन नाही, मोटर नाही. माणसाने मागून ढकलत चालायचं, रोलर फिरतो, रोलरच्या जोरावर पात्यांचं रीळ फिरतं. एका बाजूच्या पाटावर गंजातून वर आलेली पाच इंग्रजी अक्षरं होती: एस, डब्ल्यू, आय, सी, एच. पोराने ती बोटाने पुसून वाचली आणि निकाल दिला, "स्विच लिखा है. बिजली वाली रही होगी, मोटर किसी ने निकाल ली." मी गप्प राहिले. त्यांच्या आधीची दोन अक्षरं गंजाने खाल्ली होती. ते इप्सविच होतं, इंग्लंडमधलं गाव. रॅन्सम्स, सिम्स अँड जेफरीज हा कारखाना तिथला.

गिऱ्हाईक घुटमळतंय हे बघून मालक उठून आला. "लालबाग का माल है." इंदुरात जुनं काहीही निघालं की ते लालबागचंच असतं. होळकरांच्या त्या राजवाड्याचं फाटक बकिंगहॅम पॅलेसच्या फाटकासारखं आहे हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक, त्यामुळे विलायती लोखंड दिसलं की त्याचं माहेर ठरलेलं. मी म्हटलं, लालबागचं असेल तर राहू द्या, मला बिडाच्या भावाने पाहिजे. काटा ३८ किलोवर थांबला. ३२ रुपये किलो. वरचे १६ रुपये त्याने सोडले, कूलरचे पैसे वळते करून घेतले, आणि मी उरलेले देऊन लोडिंग रिक्षा केली.

राजेंद्रनगरला आमच्या घरी गेट ह्यांनी उघडलं. रिक्षातून काय उतरतंय ते शांतपणे पाहिलं. मग एकच प्रश्न विचारला. "आपल्याकडे हिरवळ कुठे आहे?"

प्रश्न बिनतोड होता. आमच्या दाराशी दहा बाय बारा फुटांचं अंगण आहे, त्यावर पेव्हर ब्लॉक, एक तुळस, एक कढीलिंब आणि ह्यांची स्कूटर. दोन दिवसांनी ह्यांनी दुसरा मुद्दा काढला. स्वच्छतेत पहिला नंबर यायची सवय लागलेल्या शहरात पोर्चमध्ये गंज दिसला तर शेजारीच कचरागाडीला हाक मारतील. म्हणून मी त्यावर जुनी चादर घातली. त्यामुळे ते आणखीच संशयास्पद दिसायला लागलं, पण असो.

उत्तर मला ठाऊक होतं, सांगता मात्र येत नव्हतं. माझे वडील एका सरकारी कचेरीत ड्राफ्ट्समन होते. रेसिडेन्सी भागात साहेबाचा मोठा बंगला, आणि त्याच्या मागे आमचं दोन खोल्यांचं क्वार्टर. बंगल्यापुढे हरळीची हिरवळ. सोमवारी सकाळी दोन माळी असंच यंत्र बाहेर काढायचे. दोन, कारण मालव्याची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यावर ती अवजड वस्तू एकट्याने ढकलणं म्हणजे शिक्षाच. एक जण मागून दांडा धरून ढकलायचा, दुसरा पुढून दोर खांद्यावर टाकून ओढायचा. पुढे जाताना पात्यांची सळसळ. मग कडेला पोचले की यंत्र मागे खेचायचं, तेव्हा आतून कट्‌-कट्‌-कट्‌-कट्‌ असा आवाज. शाळेला सुट्टी असली की दोर आम्हा पोरांच्या हातात यायचा. ढकलणारे माळीबाबा मागून ओरडायचे, "सीधे, सीधे! नाक के सामने!" कारण ओढणारा वाकडा गेला तर हिरवळीवरचे पट्टे वाकडे, आणि पट्टे साहेबाला व्हरांड्यातून दिसायचे.

आई यंत्राच्या आधी जायची. चतुर्थी असली की दुर्वा खुडायला. हरळी आणि दुर्वा एकच, पण एकदा त्यावरून यंत्र फिरलं की तीन पानांचं टोक कुठलं मिळायला? माळीबाबा दांड्याला टेकून उभे राहायचे, आईच्या एकवीस पुऱ्या होईपर्यंत. साहेबासाठी ते कधी थांबले नसते.

तर ही सगळी हकिकत "हिरवळ कुठे आहे" या प्रश्नाचं उत्तर म्हणून कशी देणार? मी म्हटलं, "बघू." आणि पाने काढून बसले.

पहिला आठवडा एकही बोल्ट हलला नाही. डिझेल आणि इंजिन ऑइल मिसळून रोज सकाळ-संध्याकाळ आट्यांच्या तोंडाशी सोडत होते, पूजेत पळीने पाणी सोडावं तसं. गंज सुटायला लागला तरी पाना लागेना. १३ चा पाना चढत नव्हता, १४ चा घसरत होता. मला वाटलं बोल्टची डोकी झिजलीत. झिजली नव्हती. ते व्हिटवर्थ मापाचे बोल्ट होते. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज इंजिनिअरने १८४१ साली स्क्रूच्या आट्यांना पहिलं प्रमाण लावून दिलं. त्याच्या आट्याचा कोन ५५ अंशांचा, आपल्या आजच्या मेट्रिक बोल्टचा ६० अंशांचा, त्यामुळे एकाचा नट दुसऱ्यावर नीट बसत नाही. आणि त्या पान्यांची गंमत अशी की त्यावरचा आकडा पान्याच्या तोंडाचा नसतो, बोल्टच्या जाडीचा असतो. पाव इंच लिहिलेल्या पान्याचं तोंड अर्ध्या इंचाहून मोठं, १३.३ मिलिमीटरचं. १३ आणि १४ च्या मध्ये मी का लोंबकळत होते ते कळलं, पण तोवर घाईने ॲडजस्टेबल पाना लावून दोन बोल्टांची डोकी मी गोल करून ठेवली होती.

सियागंजात चार दुकानं फिरले. तिसऱ्या दुकानात "मेट्रिक में देखो, माताजी" असं ऐकून घेतलं. चौथ्या दुकानातल्या म्हाताऱ्या बोहरा शेठनी काही न विचारता खालच्या खणातून तेलकट फडक्यात गुंडाळलेले तीन पाने काढले आणि किमतीऐवजी मलाच विचारलं, "मशीन कौनसी है?" माणसं अजून आहेत.

यंत्र उघडल्यावर खरं दुखणं दिसलं. डाव्या पाटाला वीतभर तडा. तड्याचा उगम एका जुन्या वेल्डिंगच्या डागाशी. समोरच्या, उजव्या पाटावर त्याच जागी एक लोखंडी कडी होती, ओबडधोबड, कुणातरी लोहाराने सळई वाकवून चिकटवलेली. डावीकडची कडी निखळून गेली होती आणि जाताना पाटाला तडा देऊन गेली होती. त्या कड्या कशासाठी, हे मला क्षणात कळलं. दोरासाठी. असली ओबडधोबड कडी इप्सविचच्या कारखान्यातली नव्हे. ते इथलं काम.

तडा सांधायला माणूस हवा होता. ओळखीच्या वेल्डिंगवाल्याने यंत्राकडे बघून रॉड उचललासुद्धा होता, पण बिडाचं वेल्डिंग म्हणजे काय याचा नमुना त्या तड्यातच समोर होता. बिडात कार्बन भरपूर. साध्या रॉडने वेल्ड केलं की सांध्याच्या आजूबाजूचा भाग भराभर निवतो, काचेसारखा कडक आणि ठिसूळ होतो, आणि पहिल्या धक्क्याला बाजूनेच तडकतो. भाजीवालीने सांगितलं मालवा मिल भागातल्या एका फिटरकाकांचं नाव. वय अठ्ठ्याहत्तर. आयुष्यातली बरीच वर्षं एका कापड गिरणीत गेलेली. इंदूर एके काळी गिरण्यांच्या भोंग्यांवर उठायचं: मालवा, हुकुमचंद, राजकुमार, कल्याणमल, स्वदेशी. आता एकही चालत नाही. हुकुमचंद मिल १९९१ च्या डिसेंबरात बंद पडली आणि तिथल्या कामगारांच्या देण्याचा निकाल लागायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. काका त्या गिरणीतले नव्हते. पण त्यांच्या घरासमोरच्या ओट्यावर संध्याकाळी बसणाऱ्यांत तिथले काही जण होते, आणि ती तारीख त्यांना तोंडपाठ होती.

मी रिक्षातून पात्यांचं रीळ आणि तडकलेला पाट नेला होता. पाटाकडे त्यांनी बघितलंच नाही. रीळ हातात घेतलं, उजेडात धरून फिरवलं, एका पात्यावरून अंगठा आडवा नेला आणि म्हणाले, "ताई, ही शिअरिंग कुठून आणली?"

"हे गवत कापायचं आहे, काका."

"असेल. आमच्या खात्यात हेच होतं. कापडावर सूत उभं राहतं ना, लव, ती कापायला. वर असं फिरतं, खाली लेजर ब्लेड, जागचं न हलणारं. कापड मधून जातं. गवत काय, कापड काय."

मला वाटलं म्हाताऱ्याला सगळीकडे गिरणीच दिसते. घरी येऊन वाचलं तर म्हातारा शंभर टक्के बरोबर होता. इंग्लंडच्या ग्लॉस्टरशरमध्ये स्ट्राउड नावाचं लोकरी कापडाच्या गिरण्यांचं गाव. तिथल्या एडविन बडिंगने गिरणीतलं लव कापायचं यंत्र पाहिलं आणि त्याच्या डोक्यात आलं, हेच चाकांवर घालून गवतावर चालवलं तर? ३१ ऑगस्ट १८३० ला त्याने पेटंट घेतलं. तोवर हिरवळ म्हणजे लांब दांड्याच्या विळ्याने, पहाटेच्या दवात, तरबेज माणसांनी कापायची गोष्ट. १८३२ साली इप्सविचच्या रॅन्सम्सनी त्याच्याकडून हे यंत्र बनवायचा परवाना घेतला. लोक हसतील म्हणून बडिंग रात्री अंधारात यंत्र चालवून बघायचा, असं सांगतात. मला ते पटतं. माझ्या यंत्रावर चादर होती.

आणखी एक. ॲडजस्टेबल पान्याचं श्रेयही याच बडिंगला देतात. म्हणजे माझ्या बोल्टांची डोकी गोल झाली त्यातही त्याचा हात होता.

त्याच्या पेटंटमधली एक गोष्ट वाचून मात्र मी फोन खाली ठेवला. त्याने लिहिलंय, की खेड्यातल्या सभ्य गृहस्थांना हे यंत्र स्वतः चालवताना मजेचा, उपयोगी आणि आरोग्यदायी व्यायाम मिळेल. मजेचा! रेसिडेन्सीतल्या त्या व्हरांड्यातून कुणी गृहस्थ व्यायामाला खाली उतरल्याचं मी एकदाही पाहिलं नाही. व्यायाम दोन माळ्यांना होता. आणि आम्हाला.

काकांनी तडा कसा सांधला ते मी बसून पाहिलं. आधी तड्याच्या दोन्ही टोकांना बारीक भोकं पाडली. "नाहीतर पळतो हा," म्हणाले, तडा म्हणजे जणू मांजर. मग कानशीने तडा इंग्रजी व्हीसारखा रुंद केला. कोळशाच्या शेगडीवर अख्खा पाट ठेवून तासभर हळूहळू तापवला. फक्त सांधा तापवला तर बाकीचं बीड ओढ खातं. मग टाकणखार भुरभुरला, तो वितळून काचेसारखा पसरला, आणि पितळेची सळई टेकवली की पितळ पाण्यासारखं तड्यात धावत गेलं. बीड वितळलं नाही, पितळ वितळलं. झाळकामातली मेख तीच. झाल्यावर मी फुंकर घालणार तर त्यांनी हात आडवा केला. पाट राखेच्या डब्यात पुरला आणि म्हणाले उद्या या. रात्रभर हळूहळू निवू द्यायचा.

दुसऱ्या दिवशी राखेतून पाट निघाला, करड्या बिडात एक पिवळी वाकडी रेघ. आणि मग आमचं भांडण झालं.

काका म्हणाले, उजवी कडी पण उडवतो. तीही अशीच वेल्ड केलेली आहे, आज ना उद्या तडा देणार. शिवाय मूळ मशीनला ती नाहीच. दोन्ही मुद्दे खरे. जुनी यंत्रं हौसेने दुरुस्त करणारे लोकही हेच सांगतील: कारखान्यातून निघालं तसं करा, मागाहून जोडलेलं काढून टाका. पण मला ते पटेना. बंगल्यात हे यंत्र कारखान्यातून निघालं तसं एक दिवस तरी चाललं असेल का? ज्या दिवशी पहिल्या माळ्याने ते काळ्या मातीवर ढकलून पाहिलं, त्याच दिवशी लोहाराला बोलावणं गेलं असणार. माझ्या लेखी कडी हाच त्याचा मूळ भाग. आटे व्हिटवर्थचे, पाती बडिंगची, कडी आमची.

"पण दोर ओढणार कोण?" काका म्हणाले.

हाही प्रश्न बिनतोड. त्या महिन्यातला दुसरा.

शेवटी तोडगा त्यांनीच काढला. जुनी कडी घासून मोकळी केली. पुढच्या बाजूला जो बोल्ट आधीच आहे त्याच्याखाली बसेल अशी लोखंडी पट्टी दोन्हीकडे केली, पट्टीला कडी. बिडाला वेल्डिंग नाही, ओढ सगळी बोल्टवर. उजवीकडे जुनी कडी, डावीकडे सळई वाकवून केलेली नवी. दोन्ही मुळीच जुळत नाहीत.

धारेचं काम मी घरी केलं. वॉल्व्ह बसवताना वापरतात ती ग्राइंडिंग पेस्ट तेलात कालवून पात्यांना लावायची आणि रीळ उलटं फिरवायचं. उलटं, म्हणजे कापायच्या दिशेने नाही. त्यासाठी काकांनी जुन्या सायकलचं पेडल लावून हँडल करून दिलं होतं. सुरुवातीला खरखर अशी की ह्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. वीस मिनिटांनी खरखरीची सरसर झाली. मग थांबायचं, डिझेलने पेस्ट धुवायची. सगळी, नाहीतर ती उरलेली पेस्ट पाती खातच राहते. धुताना मी रोलरला गुडघा लावला. रोलर तसूभर फिरला, पण गिअरमुळे तसूभर रोलर म्हणजे पात्यांची चांगली गिरकी. अनामिकेच्या टोकाचं कातडं गेलं. कळलंसुद्धा नाही, इतकी धार छान आली होती. ह्यांनी पट्टी बांधून दिली आणि यंत्राबद्दल पहिल्यांदाच कौतुकाचा शब्द काढला: "लागतंय की."

तेव्हापासून रीळ फिरवायचं तर लाकडी पट्टीने, बोटाने नाही.

मग शेवटचं, पाती जुळवणं. खालचं पातं जागचं हलत नाही. फिरणारी पाती त्याच्या अगदी जवळून जातात. पीळ असल्यामुळे एका वेळी एकाच ठिकाणी गाठ पडते आणि ती गाठ डावीकडून उजवीकडे सरकत जाते, कात्रीसारखी. हल्लीच्या आडव्या फिरणाऱ्या पात्याची यंत्रं गवताला वेगाने झोडपतात, म्हणून दोन दिवसांनी टोकं पिवळी दिसतात. इथे झोडपणं नाही. मी आपली घट्ट, आणखी घट्ट करत गेले, जेवढं घट्ट तेवढं चांगलं कापेल म्हणून, आणि रीळ फिरेनासं झालं. काकांना फोन केला. "सोडा, ताई. सोडा. पातं पात्याला लागलं नाही पाहिजे, आणि कागद सुटला नाही पाहिजे. बास."

कागद! हात कपाटाकडेच गेला. वडिलांच्या जुन्या नकाशांच्या गुंडाळीत ट्रेसिंग पेपर होता. माळीबाबा वडिलांकडे दर सोमवारी त्याचीच कात्रणं मागायला यायचे आणि मी नेऊन द्यायची. कशाला, ते तेव्हा कधी विचारलंच नाही. एक पट्टी कापून पात्यांमध्ये धरली, लाकडाने रीळ फिरवलं. डावीकडे चुरगळली. डावा बोल्ट पाव आटा. पुन्हा. मधोमध चर्र. उजवीकडे चर्र.

रंग दिला नाही. तळाशी कुठे कुठे जुना हिरवा शिल्लक होता, त्यावर जवसाचं तेल चोळलं, बस. रंगवलेली जुनी यंत्रं मला लग्नात फेटा बांधलेल्या आजोबांसारखी दिसतात.

कॉलनीचा बगीचा एका तरुण माळ्याकडे आहे. पाठीला अडकवायचं पेट्रोलचं यंत्र, त्याला नायलॉनची तार, आणि कानात फोनचे बोंडुक. रविवारी सकाळी एक पट्टा द्या म्हटलं तर म्हणाला, "पूरा ले लो, आंटी." हरळी होती, मध्ये मध्ये मोथा. दव वाळेपर्यंत नऊ वाजले.

मी दांडा धरला आणि ढकललं. चार पावलं गेलं. पाचव्याला मी थांबले. दोन बाकांवर मिळून पाच ज्येष्ठ नागरिक बसलेले, त्यातले तीन आमच्याच गल्लीतले. हे बाकावरून उठले. वर्तमानपत्राची घडी घालून शेजाऱ्याच्या मांडीवर ठेवली. डिकीतून दोर काढला (दोर आणलाय हे मला माहीत नव्हतं), दोन्ही कड्यांत ओवला, मध्यावर गाठ मारली आणि खांद्यावर घेतला.

"कसं जायचं?"

"सरळ. नाकासमोर."

सळसळ सुरू झाली. पहिला पट्टा गेला, कडेला पोचलो, मी यंत्र मागे खेचलं आणि आतून आलं कट्‌-कट्‌-कट्‌-कट्‌. माळ्याने कानातलं एक बोंडुक काढलं. दुसऱ्या पट्ट्याला हे जरा डावीकडे गेले. मी ओरडले, बाकावरचे हसले. तिसरा पट्टा बरा. चौथ्यानंतर मागे वळून पाहिलं तर प्रत्येक पट्ट्याच्या डाव्या कडेला एक बारीक रेघ न कापलेली राहिली होती, भांग पाडल्यासारखी. डावं पातं पुन्हा सुटलं होतं.

"दिसत नाही कुणाला," हे म्हणाले.

"व्हरांड्यातून दिसतं."

त्यांनी कुठला व्हरांडा ते विचारलं नाही. दोर खांद्यावरून न उतरवता तिथेच गवतात बसले, आणि मी पाव इंची पाना आणायला घरी निघाले.